पाच दिवसांच्या गोळ्या आणि न मोजलेल्या जखमा

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर पाच दिवसांची प्रतिजैविके लिहावीत की नाही, हा वाद ठाणे आणि नवी मुंबईतल्या डॉक्टरांच्या बैठकांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या सारख्याच तावातावाने आणि सारख्याच चुकीच्या पद्धतीने घातला जातो आहे. एक बाजू म्हणते, की हा सगळा औषध कंपन्यांचा आणि नर्सिंग होमच्या तळमजल्यावरच्या मेडिकलवाल्याचा धंदा आहे. दुसरी म्हणते, की टाके घातल्यावर प्रतिजैविके नकोत असे सांगणारी मार्गदर्शक तत्त्वे थंड हवेच्या देशांत बसून लिहिलेली आहेत. ती सांगणाऱ्याने आधी कोपरखैरण्याच्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये एक पावसाळा काढून दाखवावा. प्रश्न गोळ्यांच्या दिवसांचा आहे, एवढे मात्र दोघांनी गृहीत धरलेले आहे. मी या दोन्ही शहरांत जनरल सर्जन म्हणून काम करतो आणि माझे मत असे आहे, की जंतुसंसर्ग नसलेल्या जखमेसाठी टाके घालून झाल्यावर दिलेल्या गोळ्या जवळजवळ नेहमीच निरुपयोगी असतात. पण ‘त्या बंद करा’ एवढीच मागणी करणेही अपुरे आहे. या गोळ्या ज्या कामाच्या जागी येऊन बसल्या आहेत ते काम, म्हणजे वेळेवर दिलेला एक डोस, थिएटरमधली शिस्त आणि घरी गेलेल्या रुग्णाच्या जखमेची महिनाभर ठेवलेली नोंद, आपल्याकडे कोणी मागतच नाही.

वादाचा पहिला गोंधळ प्रतिबंध आणि उपचार यांच्या सरमिसळीतून होतो. फुटलेले अपेंडिक्स, आतड्याला पडलेले छिद्र, पू झालेला मधुमेही पाय यांत जंतू आधीच शिरलेले असतात. तिथे प्रतिजैविक हा उपचार असतो आणि तो काही दिवस चालवावाच लागतो. तरीही तिथले दिवस आपण समजतो तितके नसतात. पोटातल्या गंभीर जंतुसंसर्गाच्या ५१८ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. संसर्गाचे मूळ शस्त्रक्रियेने वा नळीने काढून टाकल्यावर चार दिवसांच्या औषधाने जे साधले, तेच साधारण आठ दिवसांच्या औषधाने साधले. गुंतागुंतीचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे २२ टक्के होते. हर्निया, थायरॉइड, व्हेरिकोज व्हेन्स किंवा डायलिसिससाठी हातावर केलेला फिस्टुला (धमनी आणि शीर यांची जोडणी) यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे जंतुसंसर्ग नसतोच. तो होऊ नये एवढाच हेतू असतो. पोट भरून पू निघालेल्या रुग्णाची उदाहरणे देऊन हर्नियाच्या रुग्णाला पाच दिवसांच्या गोळ्या देण्याचे समर्थन करणे म्हणजे एका खटल्यातला पुरावा दुसऱ्या खटल्यात वापरणे होय.

प्रतिबंधाचा हा नियम नवा नाही. बोस्टनच्या जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगच्या त्वचेत जंतू टोचून पाहिले. औषध आधी दिलेले असेल तर जंतू जणू मेलेलेच टोचले होते इतका किरकोळ व्रण उठे. जंतू टोचून तीन तास उलटल्यावर दिलेल्या त्याच औषधाचा काहीही उपयोग होत नसे. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयातील २,८४७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. काप घेण्याआधीच्या दोन तासांत डोस मिळालेल्यांत जखमेचा जंतुसंसर्ग ०.६ टक्के होता, त्याहून आधी मिळालेल्यांत ३.८ टक्के आणि काप घेऊन तीन तास उलटल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के. जखम शिवली गेली की तिच्या कडांतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद झालेल्या असतात, फटीत रक्ताची गुठळी आणि द्राव साठलेला असतो आणि जे जंतू आत राहायचे ते राहून गेलेले असतात. लढाई तिथेच आणि त्याच तासांत संपते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शस्त्रक्रिया संपल्यानंतर प्रतिबंधक औषध लांबवू नये अशी स्पष्ट शिफारस केली. २०२० मध्ये ५२ चाचण्यांचा एकत्र विचार करणाऱ्या विश्लेषणातही, बाकीची काळजी नीट घेतलेली असेल तर पुढे औषध चालू ठेवण्याचा फायदा दिसला नाही. आता प्रश्न असा, की जिथे सारा खेळ काप घेण्याआधीच्या तासाचा आहे, तिथे आपण त्या तासाकडे किती लक्ष देतो?

फारच थोडे. कुठल्याही मध्यम नर्सिंग होममधली सकाळ पाहा. रात्रपाळीची सिस्टर सहा वाजता यादीतल्या सगळ्यांना ‘प्री-ऑप’ इंजेक्शन देऊन टाकते, कारण आठला पाळी बदलली की नव्या सिस्टरचा पहिला तास केस पेपर लावण्यातच जातो. पहिली केस नऊची लिहिलेली असते. भूलतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयातून निघालेले असतात आणि व्हिजिटिंग सर्जन तीन हात नाक्याला किंवा ऐरोलीच्या पुलावर अडकलेला असतो. काप अकराला घेतला जातो. शस्त्रक्रियेआधी देण्याच्या सेफाझोलिनसारख्या प्रतिजैविकाचे रक्तातले प्रमाण सुमारे दर दोन तासांनी निम्मे होते; म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी पंचमांशही उरलेले नसते. औषधाच्या रकान्यात ‘दिले’ अशी खूण असते आणि ती खोटीही नसते. मग संध्याकाळी दुसरे इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी दोन आणि घरी जाताना गोळ्या. चुकलेल्या एका डोसची भरपाई पुढच्या दहा डोसांनी होते असा आमचा समज आहे आणि तो बर्क यांच्या गिनीपिगांनी साठ वर्षांपूर्वीच खोटा ठरवलेला आहे.

आपल्या नर्सिंग होममध्ये सेफाझोलिनपेक्षा सेफ्ट्रिअॅक्सोन हे दुसरे प्रतिजैविक का रुळले, याचे एक कारण मला या वाहतुकीतच दिसते. ते औषध शरीरात खूप जास्त वेळ टिकते, त्यामुळे सर्जनचा उशीर खपवून घेते. सोय म्हणून ती समजण्यासारखी आहे. पण त्वचेवरच्या स्टॅफिलोकोकस या जंतूवर सेफाझोलिन अधिक नेमके चालते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सेफ्ट्रिअॅक्सोन ‘वॉच’ गटात, म्हणजे जपून वापरण्याच्या औषधांत मोडते. उपाय साधा आहे. इंजेक्शनची कुपी वॉर्डात न ठेवता थिएटरमध्ये ठेवायची, ती भूलतज्ज्ञाने भूल देताना द्यायची आणि वेळ भुलीच्या कागदावर लिहायची. संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत गेल्या साठ मिनिटांत प्रतिजैविक दिले का, हा प्रश्न आहेच. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती यादी वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने मात्र तीच यादी रुग्णालयांना लावली, तेव्हा १०१ रुग्णालयांच्या आकडेवारीत लक्षणीय फरक पडला नाही. खुणा सगळीकडे झाल्या असणार. खूण करणे आणि काम करणे यांतला फरक आम्हा ठाणेकरांना कॅनडाकडून शिकण्याची गरज नाही.

आता त्या डिस्चार्ज कार्डाकडे जरा जवळून पाहू. ‘टॅब. सेफिक्झिम २००, १-०-१, पाच दिवस’. खाली आम्लपित्ताची गोळी, सूज उतरावी म्हणून सेरेशिओपेप्टिडेज, एक बी-कॉम्प्लेक्स आणि वेदनाशामक. स्वच्छ शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळवणाऱ्या जंतूंत स्टॅफिलोकोकस ऑरियस सर्वांत पुढे असतो आणि त्याच्यावर सेफिक्झिमचा प्रभाव फारच कमी पडतो. म्हणजे ‘परिस्थिती वाईट आहे, गोळ्या द्यायलाच हव्यात’ हा युक्तिवाद क्षणभर मान्य केला तरी ही गोळी त्या युक्तिवादात बसत नाही. तरीही ती सर्रास लिहिली जाते, कारण ती लिहिताना कोणी जंतूचा विचार केलेला नसतो. ती सवयीने येते, बहुतेकदा कार्डावर आधीच छापलेली असते आणि निवासी डॉक्टर फक्त नाव आणि तारीख भरतो.

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा परिस्थितीचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ६६ देशांतल्या पोटाच्या शस्त्रक्रियांचा जो मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तीस दिवसांत जखमेचा संसर्ग होण्याचे प्रमाण विकसित देशांत ९.४ टक्के, मधल्या देशांत १४ आणि मागास देशांत २३.२ टक्के होते. आपले सहकारी म्हणतात तो फरक खरा आहे. कळव्याच्या चाळीत किंवा वागळे इस्टेटच्या दहा बाय बाराच्या खोलीत परतणाऱ्या रुग्णाला पाण्याची, स्वच्छतेची, निवांतपणाची ती सोय नसते जी स्टॉकहोमच्या रुग्णाला असते. जाळी बसवलेल्या हर्नियाविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेसुद्धा हा फरक मान्य करतात: संसर्गाचे प्रमाण कमी असलेल्या ठिकाणी सामान्य रुग्णाला औषधाची गरज नाही, जास्त असलेल्या ठिकाणी उघड्या शस्त्रक्रियेआधी ते द्यावे. मी ठाण्यात हर्नियाच्या प्रत्येक उघड्या शस्त्रक्रियेआधी डोस देतो. पण आधी, आणि एक. थिएटर अस्वच्छ असेल तर रुग्णाने घरी घेतलेल्या गोळीने ते स्वच्छ होते का? आणि घरच्या अस्वच्छतेचे म्हणाल, तर नीट शिवलेली जखम एक-दोन दिवसांत वरून मिटते. बाहेरच्या जंतूंना आत जायला वाट उरत नाही.

उलट, याच परिस्थितीचा आधार घेऊन एक वेगळा प्रश्न विचारता येतो. भारतासह सात विकसनशील देशांत तेरा हजारांवर रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पोट शिवायला घेण्याआधी सगळ्या चमूने हातमोजे बदलायचे आणि निर्जंतुक उपकरणांचा नवा संच घ्यायचा, एवढाच बदल होता. जखमेचा संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. ही चाचणी आपल्यासारख्याच, गर्दीच्या आणि तुटपुंज्या साधनांच्या रुग्णालयांत झाली. १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांच्या २०० रुग्णांत शस्त्रक्रियेदरम्यान शरीर उबदार ठेवल्यावर संसर्ग १९ टक्क्यांऐवजी ६ टक्के झाला. आपण मात्र थिएटरचा एसी अठरावर ठेवून रुग्णाला पातळ हिरव्या चादरीत कुडकुडत ठेवतो आणि आदल्या रात्री वॉर्डबॉयकडून ब्लेडने ‘पार्ट प्रिपरेशन’ करून घेतो, ज्यात त्वचेला डोळ्यांना न दिसणारे शेकडो ओरखडे पडतात. केस काढायचेच तर क्लिपरने काढावेत असे सांगून जमाना झाला. ज्याला परिस्थितीची खरोखर चिंता आहे तो आधी ब्लेड बंद करील. ज्याने ब्लेड चालू ठेवले आणि वर गोळ्या लिहिल्या, त्याची परिस्थितीविषयीची तक्रार मी तरी गंभीरपणे घेऊ शकत नाही.

दिसणारा उपाय करून न दिसणारा टाळण्याची ही खोड वैद्यकात जुनी आहे. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाने जखमा वाचवता येतात हे दाखवले आणि मग हवेतले जंतू मारण्यासाठी शस्त्रक्रिया चालू असताना कार्बोलिकचा फवारा मारायला सुरुवात केली. फवारा दिसायला भारदस्त होता; सर्जनचे हात सोलवटत, सगळ्यांचे डोळे चुरचुरत, पण काहीतरी होते आहे असे वाटे. तोवर हात, उपकरणे आणि कपडे यांतून येणारे जंतूच खरे घातक हे कळत गेले आणि वाफेने निर्जंतुक करण्याचे व पुढे हातमोज्यांचे साधे शास्त्र आले. लिस्टर यांनी १८९० मध्ये बर्लिनच्या परिषदेत आपण हा फवारा सुचवला याची लाज वाटते, असे जाहीरपणे सांगितले. त्यानंतर सहाच वर्षांनी मुंबईत प्लेग आला, तेव्हा गटारे कार्बोलिकने धुतली गेली, घरांना चुना फासला गेला, लोकांचे सामान रस्त्यावर काढले गेले. आणि प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवूनही ते गळी उतरायला काही वर्षे गेली. अधिकारी मूर्ख नव्हते. हाती असलेला आणि सगळ्यांना दिसणारा उपाय सोडून देणे त्यांना बेजबाबदारपणाचे वाटत होते. डिस्चार्ज कार्डावरची प्रतिजैविके हा आपला फवारा आहे.

रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत विरोधी मुद्द्याला अधिक धार येते. मांडीतून पायाकडे बायपास, म्हणजे रक्ताची पर्यायी वाट, घातलेला असतो, तोही अनेकदा कृत्रिम नळीचा. जांघेतली जखम तशीही घामाची आणि घडीची. ती चिघळली आणि नळीला संसर्ग झाला तर पाय जातो, कधी रुग्णही जातो. अशा वेळी ‘दोन दिवस जास्त दिले तर बिघडले काय?’ हा प्रश्न माणुसकीचा वाटतो आणि तो विचारणारे सर्जन माझ्या माहितीत अत्यंत काळजीने काम करणारे आहेत. पण बिघडते. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ७९,०५८ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात हृदय, सांधे आणि मोठ्या आतड्याबरोबर रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियाही होत्या. चोवीस तासांपुढे औषध चालवल्याने जखमेचा संसर्ग कमी झाला नाही. मूत्रपिंडाला इजा होण्याचे आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबांचे प्रमाण मात्र दिवसागणिक वाढत गेले. हा नोंदींवरचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे, हे मान्य. तरीही आपला बायपासचा रुग्ण कोण असतो ते आठवा: साठीचा, मधुमेही, तंबाखू ओढणारा, ज्याला आठवड्यापूर्वीच अँजिओग्राफीसाठी डाय दिलेला आहे. त्याचे मूत्रपिंड आधीच काठावर असते. ज्या रुग्णासाठी आपण सर्वाधिक घाबरतो, त्यालाच जास्तीच्या औषधाची किंमत सर्वाधिक मोजावी लागते.

‘औषधांना न जुमानणारे जंतू हा समाजाचा प्रश्न आहे, माझ्यासमोर माझा रुग्ण आहे,’ असेही एक उत्तर ऐकू येते. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा जंतूंमुळे झाले, हा आकडा सांगून या डॉक्टरचे मन वळणार नाही आणि वळू नयेही. डॉक्टरने समोरच्या रुग्णाचाच विचार करावा. पण तो विचारही याच बाजूला जातो. वर सांगितलेल्या ६६ देशांच्या अभ्यासात ज्यांची जखम चिघळली आणि पू तपासला गेला, त्यांतल्या २१.६ टक्के रुग्णांत सापडलेला जंतू दिलेल्या प्रतिबंधक औषधाला दाद देत नव्हता. पाच दिवस सेफिक्झिम घेतलेल्या रुग्णाची जखम सातव्या दिवशी चिघळलीच, तर ती चिघळवणारा जंतू त्या गोळ्यांतून वाचलेला असतो. मग पुढचे औषध महाग, शिरेतून देण्याचे आणि पुन्हा भरती होऊन घेण्याचे.

मधुमेही पायाबाबत दोन्ही बाजू बेसावधपणे बोलतात, म्हणून थोडे खुलासेवार लिहितो. पायावर व्रण आहे पण लाली, सूज, ऊब, पू, वेदना यांतले काही नाही, तर प्रतिजैविक द्यायचे नाही. अशा व्रणाला पायावरचा भार कमी करणे, मेलेला भाग काढणे आणि रक्तपुरवठा तपासणे यांनीच गुण येतो. संसर्ग असेल तर त्वचा आणि मांसापुरता एक ते दोन आठवडे. हाड कापल्यावर कडेच्या हाडातही जंतू सापडले तर तीन आठवड्यांपर्यंत. हाड न काढता उपचार करायचे तर सहा आठवडे. अशा रुग्णाला सोसायटीच्या गटातल्या कोणी ‘एवढे दिवस अँटिबायोटिक कशाला’ म्हणून गोळ्या बंद करायला लावणे धोक्याचे आहे. रुग्णाने स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नये. विचारावे मात्र जरूर: हे औषध संसर्ग झाला आहे म्हणून देताय, की होऊ नये म्हणून?

रुग्ण बरा होण्याच्या वेगाशी या सगळ्याचा जो संबंध आहे तो वादात कोणी काढतच नाही. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी नव्वदीच्या दशकात मांडलेली लवकर खाऊ घालण्याची, लवकर चालवण्याची, नळ्या लवकर काढण्याची पद्धत आता जगभर रूढ आहे. आपल्याकडे शिरेतले इंजेक्शन चालू आहे म्हणून हातात सुई राहते, सुई आहे म्हणून रुग्ण खाटेवर राहतो आणि खाटेवर राहिल्यामुळे त्याच्या पोटऱ्यांत गुठळ्या होण्याचा आणि छातीत कफ साठण्याचा धोका वाढतो. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये पाठीवर गोणी वाहणारा माथाडी व्हेरिकोज व्हेन्सच्या लेझरसाठी येतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून होणाऱ्या त्या प्रक्रियेनंतर त्याने त्याच दिवशी पायमोजा घालून चालायला हवे. त्याला दोन दिवस ‘आयव्ही’वर ठेवून त्याची हजेरी बुडवण्यात कोणते शास्त्र आहे? घरी गेल्यावर उरलेले काम आजी-आत्या करतात: टाक्यांना पू होईल म्हणून भात बंद, डाळ बंद, आंबट बंद. ज्या दिवसांत जखम भरायला प्रथिने हवीत त्या दिवसांत रुग्ण चहा-बिस्किटांवर असतो, आणि गोळ्या मात्र न चुकता घेतल्या जातात.

नफेखोरीच्या आरोपाला मी कमी जागा देतो आहे, कारण तो अर्धाच खरा आहे. स्वतःच्या मेडिकलमधून महागडी इंजेक्शने लावणारी रुग्णालये आहेत. पण जिथे औषध फुकट मिळते त्या पालिकेच्या रुग्णालयांतही पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या जातात. देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांत २०२१-२२ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत ७१.९ टक्के दाखल रुग्णांना प्रतिजैविके चालू होती, आणि त्यांतली ५५ टक्के उपचारासाठी नसून प्रतिबंधासाठी होती. एवढे सगळे कमिशनने होत नाही. ते भीतीने होते, आणि ती भीती निराधार नाही. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. हल्ल्यांपासून संरक्षणासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. जखम चिघळली आणि कार्डावर प्रतिजैविक नसले तर पहिला प्रश्न नातेवाईक विचारतात तोच वकील विचारतो. गोळ्या लिहिलेल्या असल्या तर ‘सर्व काही केले’ असे म्हणता येते. पण वैद्यकीय निष्काळजीपणाविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालातली कसोटी त्या व्यवसायातल्या स्वीकृत पद्धतीची आहे. रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल, भुलीच्या कागदावर लिहिलेली डोसची वेळ आणि रुग्णाला कोणत्या लक्षणांवर परत यायचे हे मराठीत लिहून दिलेला कागद, हा बचाव सेफिक्झिमच्या पट्टीपेक्षा भक्कम आहे. आरोग्य सेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रतिजैविक लिहिताना त्याचे कारणही लिहावे असे आवाहन केले. ते पाळायचे ठरवले तर आमच्यापैकी अनेकांना कारणाच्या रकान्यात ‘नातेवाईक’ असे लिहावे लागेल.

मग मागायचे काय? माझी सूचना अशी, की रुग्णालयाला गोळ्यांविषयी न विचारता आकडा विचारावा: गेल्या वर्षी तुमच्याकडे हर्नियाच्या किती शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या किती जखमा चिघळल्या? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘आमच्याकडे इन्फेक्शन होत नाही’ असे येईल, आणि त्याचा अर्थ एवढाच, की कोणी मोजलेले नाही. जखमेचा संसर्ग बहुतांशी घरी गेल्यावर कळतो. म्हणून तो तीस दिवसांपर्यंत आणि जाळी वा बायपास असेल तर नव्वद दिवसांपर्यंत मोजतात. रुग्ण तोवर घोडबंदरच्या आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन दोन टाके काढून घेतो आणि सर्जनला पत्ताच लागत नाही. कॅनडातल्या कॅलगरीत क्रूझ आणि फूर्ड यांनी दहा वर्षे ६२,९३९ जखमांची नोंद ठेवली आणि प्रत्येक सर्जनला त्याचा आकडा कळवत राहिले. आकडा समोर आल्यावर सर्जन सावध होतात आणि संसर्ग कमी होतो, हा त्यांच्या कामाचा सर्वांत टिकाऊ निष्कर्ष ठरला. त्यासाठी लागते एक परिचारिका, एक वही आणि आज आपल्याकडे असलेला फोन. आठव्या आणि तिसाव्या दिवशी रुग्णाला फोन करायचा, शंका आली तर जखमेचा फोटो मागवायचा.

यावर जो आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे आणि तो योग्य आहे: आकडे जाहीर केले की रुग्णालये जोखमीचे रुग्ण टाळतील, मधुमेही पाय घेऊन आलेल्या माणसाला ‘मुंबईला न्या’ म्हणून पाठवतील आणि ज्यांनी प्रामाणिकपणे नोंद ठेवली त्यांचीच बदनामी होईल. म्हणून सुरुवातीला आकडे जाहीर करू नयेत. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका नर्सिंग होमची नोंदणी आणि नूतनीकरण १९४९ च्या कायद्याखाली करतातच. नूतनीकरणाच्या वेळी फक्त एवढे पाहावे, की नोंदवही आहे का आणि तीत तिसाव्या दिवसाचा रकाना भरलेला आहे का. संसर्ग झालेल्या पोटाच्या शस्त्रक्रिया आणि मधुमेही पाय पहिली दोन वर्षे वगळावेत. जांघेतल्या हर्नियापासून आणि डायलिसिसच्या फिस्टुलापासून सुरुवात करावी, कारण पहिली शस्त्रक्रिया प्रत्येक लहान नर्सिंग होममध्ये होते आणि दुसरीचे रुग्ण डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा समोर येतातच, त्यामुळे जखम पाहायला वेगळी खटपट लागत नाही. दोन्ही जखमा स्वच्छ असतात. तिथे प्रमाण वाढलेले दिसले तर दोष कळव्याच्या चाळीवर ढकलायला फारशी जागा उरत नाही, आणि सकाळी सहाच्या इंजेक्शनापासून चौकशी सुरू करावी लागते.